शिवण बाहेरच्या बाजूला

आमच्या अंगणातल्या दोरीवर माझ्या पुतण्याचे कपडे वाळत असतात, ते सगळे उलटे. वाळल्यावर घड्या तशाच घालतात आणि त्याला घालतातही तसेच, शिवण बाहेर, बटणांच्या जागी बांधायच्या नाड्या. आमच्या कोन गावात नव्याने भाड्याने राहायला आलेल्या एका बाईंनी जाता जाता माझ्या आईला सांगितलं, "मावशी, बाळाचे कपडे उलटे वाळत घातलेत."

आई म्हणाली, "उलटे नाय. सुलटेच हायेत."

त्या बाईंना काही कळलं नसेल. मला मात्र प्रधान मॅडम आठवल्या. त्या गेल्यापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात होतं, पण धीर होत नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे विचारायला घरात कोणी नाही. मॅडम असत्या तर त्यांनाच विचारलं असतं. त्यांनी बहुतेक अर्धं खोडायला लावलं असतं.

प्रधान मॅडम आम्हाला पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पहिल्या तासाला त्या वर्गात आल्या तेव्हा सगळ्यांची नजर त्यांच्या कुडत्यावर गेली. खांद्यावरच्या, कडेच्या, सगळ्या शिवणी बाहेर होत्या. धाग्यांची टोकं दिसत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाला राहवलं नाही.

"मॅडम, तुमचा ड्रेस उलटा झालाय."

वर्गात खसखस पिकली. मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "झाला नाही, घातलाय. आतून शिवण घासते. तू शर्ट सुलटा घातलायस. तुला काही होतं का?"

"नाही मॅडम."

"का होत नाही, ते आज शिकू. उभा राहा. तुझा पट्टा पँटवर कशाने राहिलाय?"

"लूप आहेत ना मॅडम."

"हं. आपल्या त्वचेचे दोन थर. एक वरचा, एक खालचा. दोघांच्या मधे एक पातळ पटल. त्या पटलाच्या खालच्या बाजूला कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे अगदी बारीक तंतू असतात, तुझ्या लूपसारखे वाकलेले. खालच्या थरात कोलॅजनचे जाड दोर असतात, ते या लूपमधून आरपार जातात. झालं. वरचा थर खालच्याला बांधला गेला. पुस्तकात त्यांना अँकरिंग फायब्रिल्स म्हटलंय. अँकर म्हणजे होडीचा नांगर. पण मला पट्टाच बरा वाटतो. आता सांग, लूप तुटले तर?"

"पँट घसरेल," मागून दुसरंच कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी दोन्ही हात वर करून आमच्याकडे धरले. बोटांना नखं नव्हती. कातडी कांद्याच्या आतल्या सालीसारखी पातळ आणि चकचकीत होती. बोटं आत वळलेली, आणि करंगळ्या शेजारच्या बोटाला चिकटून गेलेल्या.

"माझे लूप जन्मापासून कमी आहेत," त्या म्हणाल्या. "घासलं की वरचा थर सरकतो आणि फोड येतो. माझ्या खुर्चीवर बसून किंवा माझ्या हातची वही घेऊन हे कुणाला होत नाही. कुणाला आणखी काही विचारायचं असेल तर आजच विचारा. उद्यापासून मी शिकवणार आहे."

त्या वर्षी पट्टा न लावता कॉलेजला येणारी मुलं त्यांच्या तासाला मात्र आठवणीने लावून यायची.

त्यांच्या सवयी आम्हाला हळूहळू कळत गेल्या. दार त्या पाठीने ढकलायच्या. घड्याळ मनगटावर नसायचं, ओढणीला पिनेने अडकवलेलं असायचं. खडूला स्पंजची जाड गुंडाळी. पायात एक माप मोठ्या, कापडी सपाता. येणंजाणं एकाच ठरलेल्या रिक्षातून, आणि तो रिक्षावाला गतिरोधक आला की मागे न बघता ओरडायचा, "मॅडम, आला!" मग त्या हाताने दांडी न पकडता पाठ टेकून बसायच्या.

खुर्ची किंवा बाक ओढल्याचा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. "उचल!" एवढंच म्हणायच्या, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. प्रयोगशाळेतही तेच. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवताना माझ्या हातून सुरकुतला की त्या मागे उभ्या असायच्या. "ओढू नकोस. खालून उचल." आणि नीट जमला की फक्त "बरोबर." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाली नाही.

शिक्षक दिनाला एका मुलीने भाषणात त्यांना संघर्षाची मूर्ती म्हटलं. मॅडमनी भाषण पुरतं ऐकून घेतलं आणि मग तिला जवळ बोलावलं. "बाळा, मी प्राणिशास्त्र शिकवते. त्याबद्दल बोल की. माझा तास कंटाळवाणा होतो का, ते कुणी सांगतच नाही."

"थोडा होतो मॅडम," ती मुलगी घाबरत म्हणाली.

"कुठे?"

"वर्गीकरणाला."

"मलाही," मॅडम म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गीकरणाचे तास पुन्हा पहिल्यापासून वेगळ्या पद्धतीने घेतले.

डब्यात त्यांच्या नेहमी मऊ भात असायचा. घशातही आतून तसेच फोड येतात, कडक काही उतरत नाही, हे त्यांनीच एकदा सांगितलं. मी तांदळाची भाकरी न्यायची. ती बघून त्या म्हणायच्या, "पापुद्रा छान सुटलाय गं." मग आतला मऊ भाग माझ्या कालवणात भिजवून सावकाश खायच्या आणि वरचा पापुद्रा मला परत द्यायच्या. मला आधी संकोच वाटायचा. पुढे वाटेनासा झाला.

मी दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या वहिनीला मुलगा झाला. दवाखान्यात त्याच्या पायाला नावाची पट्टी बांधली होती, तिथे फोड आला होता. थोडं इन्फेक्शन असेल, म्हणाले. पायावर मलम लावून घरी पाठवलं.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला सखूमावशी यायची. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडगीवर पालथं घालायचं, तेल लावून खसखसून चोळायचं, मग डाळीच्या पिठाने तेल काढायचं आणि कढत पाणी. गावातली अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हालेली, दादा आणि मीही. जेवढं चोळावं तेवढं पोर घट्ट होतं, असं ती म्हणायची, आणि सगळ्यांनाच ते खरं वाटायचं. त्या दिवशी तिने बाळाची पाठ नेहमीसारखी चोळली, आणि पाठीची कातडी तिच्या तळव्याला चिकटून आली.

बाळाचं ते ओरडणं मला लिहिता येणार नाही. आईने सखूमावशीला काय काय सुनावलं तेही नको. ती तेलाची वाटी तशीच टाकून निघून गेली. नाक्यावरच्या डॉक्टरने जखमेवर चिकटपट्टी लावली. ती काढताना पट्टीएवढी कातडी आणखी गेली.

त्यानंतर आमच्या घरात बाळाला कोणी उचलेना. जिथे हात लावावा तिथे फोड. वहिनी त्याच्या शेजारी कुशीवर पडून दूध पाजायची, तेवढंच. ते पोर दिवसभर गादीवर अंथरलेल्या केळीच्या पानावर पडून वर पंख्याकडे बघायचं. आई म्हणायची, "पोर पोटात असताना गिरान लागला, त्यात भाजी चिरली हिनं. मी सांगितलेलं." नंतर एकदा तर दादाला म्हणाली, "तिला म्हायेरी धाड." दादा तळोज्याला केमिकलच्या कंपनीत कामाला आहे. त्याला वाटायचं, त्याच्याच कपड्यांवरून घरात काहीतरी आलं. शिफ्टवरून आला की तो बाहेरच्या नळावर आंघोळ करायचा आणि दारातूनच बाळाकडे बघून मागच्या खोलीत जायचा.

मी मोबाईलवर बाळाच्या पाठीचा फोटो काढला आणि मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "ही चिकटपट्टी कुणी लावली?" त्यांचा आवाज बदलला होता. "आता घरी जा आणि उद्या सकाळी त्याला घेऊन स्टँडजवळ ये. गादीसकट उचला. गाडी मी सांगते."

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या आमच्याबरोबर आल्या. बाळाच्या कातडीचा लहानसा तुकडा तपासायला दिला, रक्तही दिलं. उत्तर यायला वेळ लागला. ते आलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जे भराभर इंग्रजीत सांगितलं त्याचा अर्थ मला मॅडमच्या पहिल्याच तासामुळे कळला. ते वाकलेले तंतू बाळाच्या कातडीत जवळजवळ नव्हतेच.

काही दिवसांनी मॅडम आमच्या घरी आल्या. दुपारची वेळ होती. आई त्यांच्यासाठी खुर्ची ओढायला लागली, तशी मी धावत जाऊन ती उचलून आणली. मॅडम बसल्या आणि त्यांनी आईला, दादाला, वहिनीला समोर बसवलं.

"हे कंपनीतून आलेलं नाही," त्या दादाला म्हणाल्या. "ग्रहणाचं नाही. हे अर्धं तुमच्याकडून आलंय आणि अर्धं तुमच्या बायकोकडून. दोघांनाही ठाऊक नव्हतं. एकाकडूनच आलं असतं तर बाळाला काहीच झालं नसतं."

"माझ्या पोराकरनं पन?" आई म्हणाली.

"हो. तुमच्या पोराकडूनपण."

आई वहिनीकडे बघायला लागली. वहिनी पदराने तोंड पुसत राहिली. मग मॅडमनी दादाच्या पट्ट्यावर बोट ठेवून लूपचं सांगितलं, वर्गात सांगायच्या तसंच. दादाला कळलं. आईला पट्ट्याचं काही पडलेलं नव्हतं. ती विचार करून म्हणाली, "मंजे भाकरीचा पापुद्रा सुटतो, तसा?"

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगदी तसा."

"मंग भाकरीला आमी वरनं कदी धरत नाय. तव्यावर टाकाचे टायमाला खालनं हात सरकवतो. वरनं धराल त फाटंल ती."

"आजी, मी इतकी वर्षं हे मुलांना शिकवतेय," मॅडम म्हणाल्या. "भाकरी मला सुचली नाही. आणि रोज तुमचीच खाते." पुढच्या वर्षी पहिल्या तासाला त्यांनी पट्ट्यानंतर भाकरीही सांगितली, कोनच्या एका आजींनी शिकवलं असं म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "बाळाला न्हाऊ कोण घालतं?"

"कोनी नाय," वहिनी म्हणाली. "मी कापूस भिजवून पुसते. भ्या वाटतं."

"आधी कोण घालायचं? त्यांना बोलवा."

"तिला?" आईचा आवाज चढला. "तिनंच त सोलला माझा पोर!"

"त्यांना माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. त्यांच्या हातांना बाळाची सवय आहे. ती सवय मला हवीय. माझी बोटं अशी. मला धरता येत नाही."

सखूमावशीला आणायला मी गेले. ती आली, पण उंबऱ्याच्या आत येईना. हात पदराखाली लपवलेले.

"मना नका सांगू म्याडम. मी आता कुनाचा पोर धरत नाय. अख्ख्या गावाला सांगितलाय."

मॅडमनी डावी बाही वर केली. मनगटाच्या वर लिंबाएवढा फोड होता, त्या सकाळीच आलेला. "हा बघा. याच्यावर शिका. पोरावर नको."

सुई उकळून घेतली. मॅडम सांगत गेल्या, सखूमावशी करत गेली. फोड खालच्या कडेला टोचायचा, पाणी जाऊ द्यायचं, वरची कातडी काढायची नाही, तीच झाकण. त्यावर व्हॅसलिनमध्ये भिजलेली जाळीची पट्टी, त्यावर मऊ गुंडाळी, चिकटवायचं काही नाही. "दाबा. दाबलेलं चालतं. घासू नका फक्त." गुंडाळी घेताना पट्टी सरकली आणि फोडाची कातडी पट्टीबरोबर गेली. लाल ओली जागा उघडी पडली. मॅडमचे डोळे पाण्याने भरले, त्यांनी ओठ घट्ट मिटले.

सखूमावशीने हातातलं सगळं खाली टाकलं. "बगा! परत त्येच झाला! मी सांगितलेला ना तुमाला!"

मॅडमनी श्वास घेतला आणि कोपराजवळचा दुसरा, लहान फोड पुढे केला. "हा आहे अजून."

सखूमावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात पुसले, खाली बसली, आणि त्या दुसऱ्या फोडाला एकदाही घासलं नाही. झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "बरोबर." मला एकदम रडू आलं. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

बाळाच्या पाण्यात मीठ घालायचं, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मात्र सखूमावशी तडकली. तिचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. "म्याडम, भेगांत मीठ गेला का काय व्हतं, ते मना इचारा. आनि पोराला मिठाचा पानी?"

"तुमच्या आगरातलं नव्हे. अगदी थोडं, आपल्या अंगातल्या पाण्याइतकं. साध्या पाण्यापेक्षा ते कमी झोंबतं."

तिने बोट बुडवून चव घेतली. "असा व्हय," म्हणाली. "हा त आसवांवानी हाय."

मग तिने बाळाच्या खालच्या मऊ गादीखाली दोन्ही हात सरकवले, आई भाकरीखाली सरकवते तसे, आणि त्याला वर उचललं. दवाखान्याची फेरी सोडली तर इतक्या दिवसांनी ते पोर जमिनीवरून वर आलं होतं. ते रडलं नाही. सखूमावशीने त्याला आधी वहिनीच्या मांडीवर ठेवलं आणि मग दाराशी उभ्या असलेल्या दादाला म्हणाली, "आता तू. बाप ना तू? हात खाली घाल."

त्या दिवशी वहिनीने मॅडमना विचारलं होतं, पोर जगेल ना. मॅडमनी तिला खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "जपलं तर वाढेल. जखमा होत राहतील. पुढे मोठेपणी एखादी जखम भरायची नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं, ती वाईट वळण घेऊ शकते. परदेशात हे तंतू पुन्हा तयार व्हावेत म्हणून औषधं निघायला लागलीयत. ती आपल्यापर्यंत येईस्तोवर याला सांभाळायचं." जाताना त्यांनी आईला आणखी एक सांगितलं, याचे कपडे उलटे घाला. आईने तेव्हापासून एकदाही चूक केलेली नाही.

माहेरी धाडायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

बाळाचं नाव आरुष ठेवलं. दर थोड्या दिवसांनी मॅडम मला विचारायच्या, "आमचा लहान कसा आहे?" वर्गात सगळ्यांसमोर चुकूनही विचारायच्या नाहीत, जिन्यात, हळू आवाजात विचारायच्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवरची एक जुनी जखम भरेनाशी झाली. वर्षानुवर्षं उघडत-मिटत राहिलेली जागा होती. त्यांनीच आधी ओळखलं असणार. सुट्टीवर जाण्याआधी त्यांनी राहिलेला अभ्यासक्रम संपवला आणि आम्हाला सांगितलं, "कॅन्सर आहे. हात काढतील. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दुसऱ्या मॅडम असतील, त्यांच्यासमोर बाक ओढू नका." मागच्या बाकावरचा तो पहिल्या दिवशीचा मुलगा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता.

हात कोपराखालून काढला. पण ते तेवढ्यावर थांबलं नव्हतं.

आम्ही त्यांना शेवटचं भेटलो ते जुन्या पनवेलमधल्या त्यांच्या घरी. वहिनी, सखूमावशी, मी आणि आरुष. तो तेव्हा नुकता नीट चालायला लागला होता, गुडघ्यांना मऊ गुंडाळ्या बांधून. दार मॅडमच्या मोठ्या बहिणीने उघडलं. मॅडम खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, खूप वाळलेल्या. अंगात तोच कुडता, शिवणी बाहेर, उजवी बाही दुमडून वर बांधलेली.

"एका बाहीची शिवण टोचायची थांबली," त्या म्हणाल्या. आम्हाला हसता आलं नाही, तशा त्या सखूमावशीकडे वळल्या. "न्हाऊ घालता ना अजून?"

"घालते म्याडम. आता आखा गाव बोलावतो. सगल्यांच्या पोरांना मी आदी बोटानं दाबून बगते, कातडी सुटते का ती, आनि मंगच तेल."

मॅडमनी मान हलवली. आरुष तोवर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला होता. आमच्या घरी तो उचलून घ्यायला सांगताना हात वर करत नाही. नुसता जवळ येऊन उभा राहतो आणि कोणीतरी खालून हात घालील याची वाट बघतो. मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मला आता नाही रे उचलता येणार. एकच हात आहे."

तो हात खुर्चीच्या दांडीवर होता, मिटलेल्या बोटांचा. आरुषने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग आपला पट्टीत गुंडाळलेला पंजा त्याने उताणा केला, दांडी आणि बोटांच्या मधे हळूच सरकवला, आणि मॅडमचा हात खालून उचलून धरला. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याला आजवर सगळ्यांनी असंच धरलेलं, त्यामुळे माणसाला असंच धरतात, असं त्याला वाटत असेल.

मॅडमनी हात हलवला नाही. आरुषच्या पंजावर त्या हाताचा भार तसाच राहू दिला.

"बरोबर," त्या म्हणाल्या.